बहिऱ्यांचं घर

दोल्चिना गावात घरं सोळा, आणि सोळाच्या सोळा लुकारिच. नवा पोस्टमन आला की पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला येतो. चौकात उभं राहून ‘जूरे लुकारिच’ अशी हाक मारा, पाच जण वळून बघतील. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं हा बेटावरचा नियम, आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. म्हणून इथे आडनाव कुणी विचारत नाही, घराचं नाव विचारतात. कोंबड्यांचे, लंगड्यांचे, मीठखाऊंचे. विंकाचं घर बहिऱ्यांचं. मुळात बहिरं कोण होतं हे आता देवालाच ठाऊक, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आता ही एवढी साधी गोष्ट विंकाने निबंधात लिहिली असती तर स्प्लिटच्या विद्यापीठात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. देश सोडून गेलेल्या क्रोएशियन माणसांचा आणि परमुलखात वाढलेल्या त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा अभ्यास, हाच तर तिचा विषय होता. पण तिने ते लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही, आणि का, तेच सांगायचंय.

त्या वर्षी वर्गात हिमेना आली. चिलीच्या पार दक्षिण टोकाहून, पुंता आरेनासहून. अंगात कातडी जाकीट, नाकात चमकी, आणि तोंड उघडलं की थेट विंकाची पणजी बोलायची. शंभर वर्षांपूर्वी बेटावरून गेलेली बोली त्या लोकांनी तिकडे जशीच्या तशी जपली होती.

“म्या हिमेना लुकारिच,” पहिल्या दिवशी ती उभी राहून म्हणाली. “माजा पनजा जूरे, बोटीत बसून गेला त्यो गेलाच बगा. गाव दोल्चिना.”

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. बुदिमिर मॅडमना तर आनंदाचं भरतंच आलं. त्यांनी तिथल्या तिथे जोडी लावून टाकली. “विंका, तू दोल्चिनाची, ही दोल्चिनाची. दोघी मिळून एका घराचा इतिहास लिहा. कोण गेलं, कोण राहिलं, आणि दोघांना एकमेकांबद्दल काय वाटत राहिलं. याच्यावरच वर्षाचे गुण.”

सगळे टाळ्या वाजवत होते आणि विंकाचे हात तेवढे बाकाखाली होते.

कारण असं. बहिऱ्यांचं घर आणि घराखालची चाळीस ऑलिव्हची झाडं सरकारी दप्तरात अजून दोन भावांच्या नावावर होती. एक अंते, विंकाचा पणजोबा, जो राहिला. दुसरा जूरे, जो १९०९ साली गेला. झाडं छाटली कुणी? बांध रचले कुणी? अंतेने, त्याच्या मुलाने, आणि आता विंकाचा बाप शिमे याने. पण वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्या म्हणून शिमे परवानगी मागायला गेला की कचेरीतला माणूस एकच म्हणायचा, “अर्धं घर तुमचं नाही. त्या अर्ध्याची सही आणा.” आणायची कुठून? बारा वर्षं हेच चाललं होतं. जूरेचं कुणी सापडत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी सापडू नये असंच घरात सगळ्यांना वाटत होतं. मीठखाऊंकडे एकदा ऑस्ट्रेलियाहून भाचा आला होता. तीन दिवस कोकराचं मटण खाल्लं, गळ्यात पडून रडला, आणि चौथ्या दिवशी वकील घेऊन दारात. तेव्हापासून गावाने कानाला खडा लावला होता.

विंकाने संध्याकाळी फोन केला.

“जूरेची पणती?” शिमे ओरडला. “आलीच का शेवटी! कागद मागितला का तिने?”

“अजून नाही. अभ्यासाला आलीये म्हणते.”

“अभ्यास! मीठखाऊंचा भाचापण फोटो काढायलाच आला होता. हे बघ पोरी, पाणी कुठंतरी मुरतंय. तिच्यावर नजर ठेव, आणि घराचं नाव तोंडातून काढू नकोस. नुसत्या आडनावाने तिला काही सापडायचं नाही.”

विंकाला आधी बापाचा राग आला. हिमेना गोड होती, स्वतःच्या डब्यातलं अर्धं काढून द्यायची. पण एकदा वाचनालयात दोघी बोटींच्या जुन्या याद्या बघत होत्या, हिमेना कॉफी आणायला उठली आणि तिच्या पिशवीतून निळी फाइल अर्धी बाहेर घसरली. विंकाने आजूबाजूला पाहिलं आणि बोटाने ती उघडली. स्पॅनिशमधला कागद. खाली दोन सह्या, गोल सरकारी शिक्का, आणि मधोमध तिला कळणारे तीनच शब्द: जूरे, लुकारिच, दोल्चिना.

झालं. विंकाचं डोकं सणकलं. आपण हिला मैत्रीण समजत होतो आणि ही शिक्के मारून आली आहे! त्यानंतर हिमेनाचं प्रत्येक गोड बोलणं तिला मोजूनमापून केलेलं वाटू लागलं.

मार्चमध्ये बुदिमिर मॅडमनी दोघींना गावी जाऊन यायला सांगितलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. बोटीवर हिमेना कठड्याला टेकून सुकं अंजीर चावत होती. मधेच तिने विचारलं.

“इंका, आपल्यात घराला नाव आस्तंय म्हनं. माज्या पनज्याच्या घराचं काय गं नाव?”

विंका याच प्रश्नाची आठवडाभर तयारी करत होती. कोंबड्यांचं शेवटचं माणूस जाऊन वीस वर्षं झाली होती आणि घराला कुलूप होतं. त्यांच्यातही एक जूरे परदेशी गेला होताच.

“कोंबडे,” ती म्हणाली. “तुम्ही कोंबड्यांचे लुकारिच.”

“पक्कं?”

“पक्कं. गावात कुणालाही विचार.”

हिमेनाने हातातलं अंजीर तसंच ठेवलं आणि समुद्राकडे बघत राहिली. हिला पटलं की नाही, हे विंकाला कळेना.

धक्क्यावर उतरल्या आणि नशीब आडवं आलं. पेरिना म्हातारी मासळीची टोपली घेऊन बाकावर बसलेली. दुरूनच तिने गळा काढला, “कोण गं ती? बहिऱ्यांची विंका ना? अगो बहिऱ्यांची विंके, बापाला सांग तुझ्या, जाळं परत दे म्हणावं!”

हिमेना थबकली.

“काय म्हनती त्या? बहिऱ्यांची?”

“त्या... त्यांना ऐकू येत नाही,” विंका घाईघाईने म्हणाली. “बहिरी आहे मी, मोठ्याने बोला, असं सांगतायत.”

“व्हय?” हिमेना म्हणाली. तिने विंकाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हातारीजवळ जाऊन, वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, “बरं हाय न्हवं, मावशे?”

“बरं आहे गं बाई, गुडघे तेवढे कुरकुरतात,” म्हातारी ताडकन म्हणाली.

विंकाने हिमेनाचा दंड धरून तिला ओढतच वर नेलं.

कोंबड्यांच्या बंद दारापाशी हिमेना पायरीवर बसली. रडली नाही, दाराला हात लावला नाही, एक फोटो काढला आणि उठली. दुसरं कुणी असतं तर त्या पायरीची माती रुमालात बांधून घेतली असती. विंकाला वाटलं, बघा, ही भावनेपोटी आलेलीच नाही, हिला मालमत्ता बघायचीय.

“आन् तुमचं घर कंचं?” हिमेनाने विचारलं.

“ते वर आहे. लांब. बाबा घरी नाहीत आज.”

घर लांब नव्हतं, तिथून पन्नास पावलांवर होतं, आणि बाबा घरातच होते. घराच्या खिडकीच्या हिरव्या झडपेची एक पट्टी वर उचलली गेली आणि खाली पडली. दोघींनीही ते पाहिलं. बेटावर भांडणातल्या शेजाऱ्यालासुद्धा वाईनचा एक घोट दिल्याशिवाय दारावरून जाऊ देत नाहीत, आणि इथे जगाच्या त्या टोकाहून आलेली पोर धक्क्यावर बसून विकतचा पाव खाऊन परत गेली. विंकाला शरम वाटली. अगदी मनापासून वाटली. पण निळी फाइल आठवली आणि तिने ती शरम गिळून टाकली.

दोन आठवड्यांनी वर्गात सादरीकरण होतं. विंकाने आपला भाग वाचला: जहाजांची नावं, बेट रिकामं करणारा द्राक्षवेलींवरचा रोग, किती गेले आणि किती राहिले. सगळं बरोबर आणि सगळं मेलेलं. मग हिमेना उठली. तिच्या हातात ती निळी फाइल होती.

“मला लई लिवायला आलं न्हाई,” ती म्हणाली. “म्या फकस्त माज्या आज्याचं सांगते. गेल्या साली वारला. पनज्याला मरस्तोवर एकच डाचत व्हतं, की भावाच्या उरावर आपला हिस्सा ठिवून आलो. त्यो तितं एकटा राबतोय आन् निम्मं नाव आपलं. हे त्यानं आज्याला सांगितलं, आज्यानं आमाला. तवा आज्या गेल्यावर माज्या बापानं आन् आत्यानं हे कागद केलं.” तिने कागद वर धरला. “आमचा सारा हिस्सा सोडला, भावाच्या घरच्यास्नी दिला. हितं बगा, नावाची जागा कोरी हाय.”

“कोरी का?” बुदिमिर मॅडमनी विचारलं.

“आज्याच म्हनला व्हता. दोल्चिनात सगळेच लुकारिच, कुनीबी हात पुडं करंल. आपूनहून घराचं नाव सांगायचं न्हाई. त्यांच्या तोंडून ऐकायचं. जो ‘तू बहिऱ्यांची’ म्हनंल त्यो आपला, त्याला कागद द्यायचा.”

विंकाच्या कानात नुसता गुं आवाज सुरू झाला.

“पर मला सांगितलं, की आमी कोंबड्यांचे,” हिमेना म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. “तवा हे कागद द्यायचं कुनाला?”

बुदिमिर मॅडम बिचाऱ्या खरंच हळहळल्या. मग त्यांचं लक्ष गेलं. “अगं विंका, तू तर तिथलीच! बहिऱ्यांचं घर कुठलं, ठाऊक आहे का तुला?”

विंकाने समोरची पानं चाळायला घेतली.

“विंका? ऐकू येतंय ना?”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिला वाटलं, साऱ्या वर्गाला कळलंय. ती उठली.

“आमचंच,” ती म्हणाली. “बहिरे आम्हीच. मी खोटं सांगितलं हिला. तुझ्या फाइलमध्ये बघितलं मी, हिमेना, शिक्का दिसला, मला वाटलं तू मागायला आलीस.”

हिमेनाने कागद फाइलमध्ये सरकवला आणि फाइलची नाडी बांधली.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. “त्या धक्क्यावरच्या म्हातारीला माज्यापरीस बरं ऐकू येतं. म्या लई वाट बगितली, इंका. परतीच्या बोटीत बगितली. रोज वाचनालयात बगितली. एकडाव ‘चुकलं’ म्हनली आसतीस तर तिथल्या तितं नाव लिवलं आसतं.” तिचे डोळे भरून आले. “बोटीवर इचारलं तवा सांगायचं व्हतं गं. आता घरी जाऊन ह्ये बापाला सांगावं लागंल. सही त्याची हाय, त्यो काय म्हनंल ते खरं.”

ती खाली बसली. तास संपायला अजून वीस मिनिटं होती आणि ती सगळी विंकाला तिच्या शेजारीच बसून काढावी लागली.

बाहेर आल्यावर तिने भिंतीला टेकून घरी फोन लावला. शिमे झाडं छाटत असावा, मागे करवत चालू होती.

“काय झालं गं? मागितला का कागद?”

“नाही, बाबा. द्यायला आली होती.”

“काय?”

“अर्धं घर. सोडून द्यायला आली होती आपल्याला. सह्या करून.”

करवत थांबली.

“मोठ्याने बोल पोरी,” शिमे म्हणाला. “ऐकू नाही आलं.”

त्याला सगळं ऐकू आलं होतं, हे तिला कळत होतं. तिने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.