कोरडी राहिलेली निळी बादली

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. अंग पत्र्याचं, वर निळा मुलामा, काठावर दोन टवके. स्वीडनमधल्या ज्या कारखान्यात मी घडले, तो केव्हाच बंद पडला. आस्ताने मला लग्नानंतर विकत घेतलं. शरदात ती रानातून मला तांबड्या लिंगनच्या फळांनी भरून आणायची. हिवाळ्यात मात्र मी तिच्या आजारी मुलांच्या खाटेशी बसायचे, कारण थंडीबरोबर तिथे उलट्यांची साथ येतेच. तेव्हा माझ्याकडे बघून सगळे नाक मुरडायचे.

म्हातारपणी आस्ता वृद्धाश्रमात आली, ती मला घेऊनच. सात वर्षांपूर्वी तिथे साथ आली आणि आस्तासकट झाडून सगळे आडवे झाले. गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा आली, आणि आधी आजारी पडून गेलेल्यांनाही तिने सोडलं नाही.

"हा विषाणू मोठा बहुरूपी," परिचारिका उल्ला म्हणाली. "त्याला ओळखणारी अंगं वाढली की सोंग बदलतो."

त्या खेपेला आस्ताचं हृदय फार थकलं. असं दुसरं दुखणं तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगूनच टाकलं.

यंदा डिसेंबरात, लुसियाच्या म्हणजे दिव्यांच्या सणाला, कामाला लागलेली नवी मुलगी तूवा डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून केशराचे पाव वाटत होती. सकाळपासून तिच्या पोटात ढवळत होतं, पण तिला गाणं चुकवायचं नव्हतं. तिने हातांना स्पिरिटचं जेल चोळलं आणि हात स्वच्छ झाले असं मानलं. हा विषाणू त्या जेलला फारशी भीक घालत नाही. आस्ताने पाव संपवला आणि तूवाने मला जवळ ओढलं.

"आस्ता, मी तुला मारलं गं," उलटी थांबल्यावर ती रडत म्हणाली.

"अजून बसलेय की मी. पाव तेवढा कोरडा झाला होता."

मला घासूनपुसून आस्ताच्या खाटेशी ठेवलं. दोन दिवस ती नुसती खोकली तरी माझा जीव वरखाली व्हायचा. तूवापाठोपाठ चार नव्या मुली आजारी पडल्या. जुनी म्हातारी माणसं मात्र कॉफीला उशीर झाला म्हणून कुरकुरत होती.

तिसऱ्या दिवशी विषाणूच्या तपासणीचा निकाल आला. उल्ला तो कागद घेऊन आस्ताच्या खाटेशी आली.

"सात वर्षांपूर्वीचंच सोंग आहे. नव्या पोरींनी ते कधी पाहिलेलं नाही. तुम्हा जुन्या माणसांच्या अंगांनी मात्र ते ओळखलं असावं."

"मग बादली त्या पोरीकडे पाठव," आस्ता म्हणाली. "इथे काय शोभेला ठेवलीय?"

मित्रांनो, रिकामी मी कितीदा राहिले, पण इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात तो कुठलं सोंग घेऊन येईल, कोण सांगणार? अंगाची जुनी ओळख दर वेळी कामी येतेच असं नाही. म्हणून हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा. पोट बिघडलं असेल तर सण चुकला तरी घरी बसा.

तूवा आता बरी आहे. काल तिने आस्ताला फोन करून विचारलं, बादली परत आणून देऊ का.

"आत्ता नको," आस्ता म्हणाली. "शरदात आण. फळांनी भरून."