बर्फवालीची वाटणी

आईवडिलांचं घर विकायचं की ठेवायचं यावरून माझ्या दोन्ही भावांचा वाद झाला. वादात बायकांचा उल्लेख आला आणि तिथून पुढे अबोला. घर विकलं गेलंच. सामानाची वाटणी करायला मामा आले. कपाट याला, पलंग त्याला, भिंतीवरचं घड्याळ मला, असं करत दुपारपर्यंत त्यांनी सगळं उरकलं. शेवटी टेबलावर उरलं ते एक अर्धवट जहाज.

हे जहाज पाण्यातलं नव्हतं. दूरच्या ग्रहांवरून बर्फ आणून तहानलेल्या वसाहतींना पुरवणारं हे मालवाहू अंतराळयान दादाने आणि धाकट्याने शाळेत असताना मनाने रचलं होतं. घरात सगळे त्याला बर्फवाली म्हणत. पुढे नोकरीला लागल्यावर दोघांनी ते प्रत्यक्ष बनवायला घेतलं. हाताएवढं लांब, प्लॅस्टिकच्या पत्र्याचं, आणि त्यावर पेनांची टोपणं, रेझरच्या मुठी, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, बिघडलेल्या रिमोटची पोटातली सगळी आतडी. करडा रंग बसला की यातलं काही ओळखू येत नसे, टाक्या आणि इंजिनंच दिसत. त्या काळात आमच्या घरात टोपण असलेलं पेन सापडत नव्हतं.

टेबल अरुंद, म्हणून दोघं समोरासमोर बसत आणि जहाज मध्ये. त्यामुळे डावी बाजू कायम दादाची, उजवी कायम धाकट्याची. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढतो. तो पत्रा पेन्सिलीने आखायचा, रेघेला चिकटपट्टी लावायचा आणि बोथट सुईने मागून एकेक टिंब दाबायचा. पुढून ती टिंबं रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, वाटत. ओळीच्या ओळी, एकही वाकडी नाही. धाकटा एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचारी आहे. शिजलंय का ते दाबून बघायची त्याला सवय, आणि रंग वाळलाय का हे बघायलाही तो अंगठाच लावायचा. रंग वाळलेला नसायचाच. शिवाय आपली बाजू तो काजळीने आणि गंजाच्या रंगाने माखून ठेवायचा.

"राबणारं जहाज आहे, शोकेसमधली बाहुली नाही," तो म्हणायचा.

"राबणारे लोक आंघोळ करत नाहीत का?" दादा विचारायचा.

दोन्ही बाजू अजून चिकटवलेल्या नव्हत्या, नुसत्या स्क्रूवर होत्या. मामांनी सुरीच्या टोकाने स्क्रू काढले आणि डावी याला, उजवी त्याला देऊन मोकळे झाले. न्याय केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. अर्धं जहाज काय कामाचं? ते फळीवर उभं राहत नाही, मागून पोकळ दिसतं. कधी ना कधी एकाला दुसऱ्याचं दार वाजवावंच लागणार होतं. दोघांना समजावून मी हात टेकले होते. आता माझी सगळी भिस्त बर्फवालीवर होती.

तोवर निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. आठवडाभर लोकांना कुठली गाडी कुठून सुटते ते सांगायचं आणि सुट्टीच्या दिवशी भावांना एकमेकांचं. दादा आणि धाकटा हे शब्द दोघंही विसरले होते.

"तुझ्या भावाचं कुठवर आलंय?" दादा विचारणार.

"तुझ्या भावाला सांग, इंजिनाचा रंग बदलू नकोस, जुळणार नाही," असं धाकट्याचं उत्तर.

जणू भाऊ माझेच होते, त्यांचे एकमेकांचे कुणी नव्हते. पण जुळणार नाही हे ऐकलं की मी खूश व्हायचे. जुळवायचं मनात आहे, म्हणूनच काळजी ना? मग हळूहळू दोघांचेही निरोप थांबले. मला वाटलं, आता वेळ जवळ आली.

एका रविवारी धाकट्याकडे गेले. त्याने दार उघडलं, ओले हात पुसले आणि मला सरळ आतल्या खोलीत नेलं. फळीवर बर्फवाली उभी होती, पूर्ण. माझा जीव भांड्यात पडला.

"कधी आला होता?" मी विचारलं.

"कोण?"

"दादा. ही डावी बाजू घेऊन."

"ती मीच केली, ताई. कुणापुढे हात पसरायला लागत नाहीत मला."

मी बघत राहिले. डावी बाजू स्वच्छ होती, रिव्हेट मारलेली. मागच्या टाकीखाली एक ओळ जरा घसरली होती, ती झाकायला धाकटा आडवा उभा राहिला. ज्या एका गोष्टीसाठी हा दादाकडे गेला असता, ती याने घरात बसून पत्र्यातून कापून काढली होती. मला त्याचं कौतुक करवेना. चहा नको म्हणाले आणि निघाले.

तशीच दादाकडे गेले. म्हटलं, निदान याला तरी हलवून बघावं, अजून वेळ गेलेली नाही. वहिनीने गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे टेबलावर बर्फवाली. हीसुद्धा पूर्ण. इथे उजवी बाजू दादाने बनवली होती.

"छान," मी म्हणाले. "त्याच्याकडेही एक आहे. मामांची वाटणी आज पुरी झाली. आता जन्मभर एकमेकांचं तोंड बघू नका."

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी इतकी चिडले होते की ते जहाज उचलून खाली टाकावं असं वाटलं. उचललंही. उजवी बाजू उजेडाकडे आली. ती काजळीने माखलेली होती, कडेकडेने गंज, आणि मागच्या टाकीवर रंगात उमटलेला एक अंगठा.

"दादा, तुझा अंगठा लागलाय इथे."

"लागला नाही. लावलाय."

"मुद्दाम?"

"त्या बाजूला असतो," तो म्हणाला. मग त्या ठशाकडे बोट करून, "त्याचा तिरका पडतो. माझा सरळच उमटत होता. तीनदा खरवडून परत रंगवलं."

ओल्या रंगाला बोट लागलं म्हणून या माणसाने धाकट्याला ताटावरून उठवल्याचं मला आठवतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. जहाज मी जपून खाली ठेवलं.

"त्याच्या डाव्या बाजूला रिव्हेट आहेत," मी सांगितलं.

दादाने मान वर केली. "त्याने रिव्हेट मारले?"

"सगळे."

"सरळ?"

"एक ओळ घसरलीय. मागच्या टाकीखाली."

"पट्टी लावली नसणार. वळणावर दोनदा लावावी लागते, किती वेळा सांगितलंय." त्याने खण उघडला, बोथट सुई आणि चिकटपट्टीचं रीळ काढून माझ्यापुढे धरलं. "हे दे तुझ्या भावाला. आणि सांग त्याला..."

"मी काही सांगणार नाही," मी म्हणाले. "चौकशीची खिडकी बंद झाली."

तो हात पुढे करून तसाच उभा राहिला. मी पर्स उचलली, वहिनीला येते म्हणाले आणि बाहेर येऊन चपला घातल्या. अर्धा जिना उतरले असेन, तोच वरून त्याची हाक आली. कठड्यावरून तो वाकून बघत होता. एका हातात सुई आणि रीळ होतं, एका पायात बूट.

"धाकटा कितव्या मजल्यावर राहतो गं?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या," मी सांगितलं. "जिना उजवीकडे आहे."