जोडीतली लहान वाडगी

"लहानच द्या मावशी. आमची सून चिमणीएवढं खाते."

हे सुनेने ऐकायचं नव्हतं. पण ती दोन पावलांवर, खेकड्यांच्या खोक्यांच्या थप्पीमागे छत्री झटकत उभी होती. तिला स्वच्छ ऐकू गेलं. मलाही गेलं, कारण ज्या लहान वाडगीबद्दल बोलणं चाललं होतं, ती मीच.

मी एक वाडगी बोलतेय. भाताची, चिनी मातीची, बाहेरून दोन लाल रेघांची. मुक्काम बंदराच्या बाजारातलं तोमे मावशीचं भाताचं दुकान, खालून दुसरी फळी. शेजारी आमचे हे असतात. ह्यांच्या रेघा निळ्या.

आमच्याकडे नवराबायकोसाठी भाताचं भांडं जोडीनेच घडवतात. त्याचा वाडगा मोठा, तिची वाडगी लहान. कुंभाराने ह्यांच्यासाठी माती घेतली तेव्हा त्याचा हात सैल होता. माझ्यासाठी उरलेली चाकावर ठेवली. भट्टीत मात्र दोघांना एकाच आगीत भाजलं. तिथे मला लहान म्हणून कुणी सूट दिली नाही.

तोमे मावशीच्या लग्नात आमचा आहेर झाला. तिचा नवरा माकूळ धरायच्या बोटीवर. तो जेवायचाही तिथेच, पत्र्याच्या डब्यात. मावशी इकडे दिवसभर बर्फाच्या पेट्या उचलायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात भात वाढून घेतला, चार घासांत संपवला, माझ्या तळाकडे जरा वेळ पाहिलं आणि ह्यांना पुढे ओढलं. मी गेले कपाटात, वरच्या खणात. माझ्यात रबरबँड, खोकल्याच्या गोळ्या आणि एक न चालणारं पेन. नवी नवरी म्हणून माझे दिवस असे गेले. तक्रार नाही. वरच्या खणातून ऐकू छान येतं, आणि गप्प असणाऱ्यापुढे माणसं भडभडून बोलतात.

पुढे मावशीने बाजारात भाताचं दुकान टाकलं, तेव्हा पेन काढून मला खाली आणलं. आमच्या बाजाराची रीत सोपी. मावशीकडून वाफाळता भात घ्यायचा, वाडगा हातात धरून मासळीच्या गाळ्यांपुढून फिरायचं, आवडेल तो तुकडा भातावर ठेवून घ्यायचा आणि परत येऊन मावशीच्या बाकावर बसून खायचं. भात निवायच्या आत फेरी संपवावी लागते, त्यामुळे एरवी डुलत डुलत चालणारी भारदस्त माणसंही इथे तुरुतुरु चालतात. खाताना वाडगा उचलून ओठांशी न्यायचा असतो. म्हणजे ज्याला जे काही पुटपुटायचं, तो ते आमच्यात पुटपुटतो. मला किती लोकांची गुपितं ठाऊक आहेत, ते मी सांगत बसत नाही.

तर त्या सकाळी हे चौघं आले. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते. हिसाए नावाच्या सासूबाई, त्यांचे यजमान शोकिची, मुलगा तेप्पेई आणि त्याची नवी बायको चिनात्सु. आतल्या कुठल्याशा शहरात त्यांचं जेवणाच्या डब्यांचं दुकान. हिवाळाभर डबे भरून झाल्यावर दोन दिवस दुकान बंद ठेवून ताजी मासळी खायला आले होते. नवरे लोक पुढे जाऊन जिवंत खेकडे बघत होते. सून खोक्यांमागे होती, पण ती कुठेतरी लांब आहे असं समजून सासूबाई मावशीशी मोकळेपणाने बोलत होत्या.

"नवीन जोडपं आहे म्हणून ही जोडी दिसल्यावर बरं वाटलं," हिसाएबाई म्हणाल्या. "पण खरं सांगू मावशी, लग्न झाल्यापासून पोरीने एकदाही दुसऱ्यांदा भात घेतला नाही. एकदाही नाही. वाडगी संपवते, जेवायच्या काड्या ठेवते, गप्प बसते."

"लाजत असेल," मावशी माझ्यात भात भरत म्हणाली.

"सगळा हिवाळा कुणी लाजतं का? माझ्या हातचं तिच्या घशाखाली उतरत नाही, दुसरं काय. जिला घरचा भात गोड लागत नाही, तिला दुकानात हंड्यापाशी कशी उभी करू? परत गेलो की तेप्पेईला सांगणार आहे, वेगळी खोली बघा म्हणून. तिचं ती रांधेल, मनासारखं खाईल. पोरगी चांगली आहे हो. उपाशी राहिलेली मला बघवत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू म्हटलं. माझ्यात भात पडत होता, तरी मी ऐकलं. खोक्यांमागची छत्री झटकायची थांबली.

मग चिनात्सु पुढे आली, जणू आत्ताच आली, आणि मावशीच्या हातून तिने मला घेतलं. तिचे हात बर्फासारखे गार होते. आणि तिच्या पोटातून जो आवाज आला, तो मी इतक्या वर्षांत फक्त बोटीवरून उतरलेल्या गड्यांच्या पोटातून ऐकला होता. चिमणी कुठली. ही पोरगी भुकेने कासावीस झालेली होती.

मला काही कळेना. भूक आहे, भात आहे, वाढणारी वाढायला टपलेली आहे. मग अडतंय कुठे?

फेरी सुरू झाली. सगळ्यांत पुढे शोकिचीबाबा, ट्यूनावर नजर ठेवून. मग तेप्पेई, आमच्या ह्यांना दोन्ही हातांनी धरून. ह्यांच्यात डोंगराएवढा भात होता आणि त्याचा ह्यांना कोण गर्व. मागून सासू-सून.

माकूळवाल्याने सुरी उचलली. "या, या. सकाळपर्यंत पोहत होता. किती देऊ ताई?"

"हिला दोनच तुकडे," सासूबाई म्हणाल्या. "वाया जाईल."

चिनात्सुचं उघडलेलं तोंड मिटलं.

पुढच्या गाळ्यावर सामन माशाच्या अंड्यांची गाबोळी होती, केशरी, टपोरी, दिव्याखाली चकाकणारी. गाळेवाली चमचा भरभरून घालते, हात आखडणं तिला माहीत नाही. पहिला चमचा पडला. दुसरा उचलला.

"बस, बस," सासूबाई म्हणाल्या.

"सून तर काही बोलली नाही," गाळेवाली म्हणाली.

"ती बोलतच नाही. बस म्हणायलाही लाजते, म्हणून मी म्हणते."

चमचा मागे गेला. चिनात्सुने त्या चमच्याकडे असं पाहिलं, की स्टेशनवर कुणाला निरोप देतेय असं वाटावं. गोड कोळंबी एक, शिंपल्याचा एक गोल काप, आणि आम्ही परतलो. तेप्पेईने मधेच तिच्या कानाशी येऊन विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?" तिने मान हलवली. कुठल्या बाजूला, ते त्याला कळलं नसावं. त्याने समाधानाने आणखी एक खेकड्याचा पाय घेतला.

बाकावर बसल्यावर ती माझ्यावर ओणवी झाली आणि पहिला घास घेतला. मग काही वेळ मला दुसरं काही दिसलं नाही. गाबोळी दाताखाली फुटताना होणारा बारीक आवाज तेवढा ऐकू येत होता. पाच-सहा घासांत सगळं संपलं. तिने काड्यांनी माझ्या काठाला चिकटलेली शितंसुद्धा टिपली. मी इतकी लख्ख झाले की मावशीने धुऊनही होत नाही. मग तिने मला हळूच खाली ठेवलं, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसली.

हो, वाट बघत. ते मला तेव्हा कळलं. कारण मात्र पुढे तिच्याच बोलण्यातून ऐकलं. तिच्या माहेरी, डोंगरातल्या मोठ्या घरात, भांडं लख्ख करून खाली ठेवलं की आई न विचारता पुन्हा भरते. नको असेल तर वर तळवा धरायचा. तळाशी शीत ठेवणं म्हणजे रांधणारीला नावं ठेवणं. सासरी रोज रात्री ती अशीच लख्ख वाडगी ठेवून बसायची आणि सासूबाई ती उचलून मोरीत न्यायच्या. पुरुष दुकान आवरून उशिरा जेवायचे, त्यामुळे त्यांना पुन्हा वाढताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं, या घरात सुनेला एकदाच वाढतात. नव्या घरी भात मागायचा कसा? मग ती दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून घावनासारखं काहीतरी गोड घेऊन उभ्या उभ्या खायची. तेप्पेईला वाटायचं, बायकोला गोडाची आवड आहे.

सासूबाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. "झालं हिचं," त्या यजमानांना म्हणाल्या. ओठ आवळले आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात शोकिचीबाबांनी आपला वाडगा बोटभर पुढे सरकवला. तळाशी घासभर भात होता, त्यावर ट्यूनाचा एक तुकडा राखून ठेवलेला. सासूबाईंनी न बघताच तो उचलला, उठल्या आणि थेट मावशीच्या हंड्याकडे गेल्या.

"भातवाढी द्या इकडे."

"दुकान माझं आहे ना?" मावशी म्हणाली.

"यांना कसा दाबून वाढायचा ते तुम्हाला नाही जमणार."

मावशीने भात वाढायची ती चपटी पळी दिली. बायकांच्या हातातली भातवाढी सहज सुटत नाही, पण मावशीला माणसं बघायला आवडतात.

इकडे तेप्पेई आमच्या ह्यांना तोंडाला लावून शेवटचे घास लोटत होता. सासूबाई परत येता येता म्हणाल्या, "अरे, थोडा ठेव की तळाला. लख्ख केलास तर मी समजेन झालं तुझं, आणि उचलून ठेवेन."

"ठेवतोय ना," तो भरल्या तोंडाने म्हणाला आणि घासभर भात मागे ठेवला. लहानपणापासून तो तसाच ठेवत आला असणार. ही रीत आहे, हे त्याला कधी कळलंच नसेल. आपण श्वास घेतो हे तरी कुठे रोज कळतं?

चिनात्सुचे मांडीवरचे हात एकदम माझ्याशेजारी बाकावर आले. तिने सासऱ्यांच्या वाडग्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या वाडग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चकाकत होते. एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

ती माझ्यावर वाकली आणि अगदी पुटपुटली, "अगं बाई."

तेवढंच. पण त्यात अख्खा हिवाळा होता.

आता करायचं काय? रीत कळली, पण तळाला ठेवायला एक शीतही उरलेलं नाही. तिने मला फिरवून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मग तिची नजर तेप्पेईच्या हनुवटीवर गेली. तिथे एक शीत चिकटलं होतं. आमच्याकडच्या पुरुषांच्या हनुवटीवर ते असतंच. घार कोंबडीच्या पिलाकडे बघते तशी ती त्या शिताकडे बघायला लागली. मग काड्या उचलून पुढे केल्या, अचूक ते शीत उचललं आणि माझ्या तळाशी, मधोमध, सन्मानाने ठेवलं. तेप्पेई लाजून लाल झाला. चारचौघांत बायको आपलं तोंड पुसते आहे, असं त्याला वाटलं. शोकिचीबाबांना ठसका लागला आणि ते छताकडे बघायला लागले.

तिने मला बोटभर पुढे सरकवलं.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "काय पडलं गं त्यात? मावशी, ही वाडगी धुतली नव्हती का नीट?" आणि मला उचलून परत द्यायला त्यांनी हात घातला.

चिनात्सुने दुसऱ्या बाजूने मला धरलं.

लग्नापासून या पोरीने काही धरून ठेवलं असेल तर ते हेच. एकीकडून सासू ओढते आहे, एकीकडून सून, आणि दोघी तोंडाने काही बोलत नाहीत. सासूबाईंचा हात सुटला. मी मागे गेले, आमच्या ह्यांच्यावर टक्कन आदळले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. ह्यांना काही झालं नाही. जाडजूड आहेत. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. माकूळवाल्याची सुरीसुद्धा थांबली.

तिथेच जरा थांबते, कारण माझं स्वतःचं सांगायचं राहिलं आहे. तो टवका अजून तसाच आहे. मावशीने काठ घासून गुळगुळीत केला, म्हणजे ओठाला लागत नाही. मला ती आता सगळ्यांना देत नाही. पण एखादी गप्प, नवी मुलगी घरच्यांबरोबर आली, की टवका तिच्याकडे वळवून मलाच पुढे करते. माझी मागणी एवढीच: तुमच्या घरी नवीन माणूस आलं, तर त्याचं भांडं उचलायच्या आधी त्याला तोंडाने विचारा. तळाकडे बघून काही कळत नाही. मी तळ आहे, मला विचारा.

त्या दिवशी मावशीला दुपारच्या आधीच दुसरा हंडा चढवावा लागला. सासूबाई गाबोळीवालीकडे परत गेल्या आणि सून "बस" म्हणेपर्यंत स्वतः "बस" म्हणाल्या नाहीत. वेगळ्या खोलीचं नाव निघालं नाही. निघताना त्यांनी मावशीला हळूच विचारलं, "हा निळ्या रेघांचा, याच्याएवढा कुठे मिळेल? सुनेसाठी हवाय." आमचे हे त्यानंतर कितीतरी दिवस फुगून होते. ते असोत.

पण तेव्हा, त्या टवक्यानंतर, बाजार असा गप्प झाला होता की पेटीतल्या खेकड्यांची खुडबुड ऐकू येत होती. चिनात्सुने मला उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि सासूच्या पुढे केलं. तिचा आवाज मी पहिल्यांदाच मोठ्याने ऐकला. चांगला खणखणीत होता.

"आई, मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून उपाशी आहे. तुमच्या हातचा भात मला फार आवडतो. वाढा ना."