मेणबत्तीच्या आधीचे फोटो

गेर्लिंडेने मागे जायचं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भावाची नात मार्लेने आली, पांढरा झगा, हातात उंच मेणबत्ती. पुन्हा दाबलं. मार्लेने, मेणबत्ती आणि शेजारी फादर. आणखी मागे गेली. केक, मार्लेनेचे नवे बूट, मार्लेने रुसलेली, आणि मग एकदम शेवटचाच फोटो परत समोर. म्हणजे सगळे फोटो बघून झाले होते. त्याच्या आधी काहीच नव्हतं.

"अगं, मला माझं स्वयंपाकघर बघायचंय," म्हातारी हेडविग म्हणाली. "ह्या पोरीला मी रविवारीच बघितलं की."

"थांब ना आई."

"थांबलेयच. कधीची थांबलेय."

गेर्लिंडेने कॅमेरा बंद केला, चालू केला. कार्ड काढलं, फुंकर मारली, परत घातलं. पुन्हा मार्लेने आणि मेणबत्ती. तिला एकदम कळलं होतं की हे कुणी केलं असणार.

त्या कार्डावर आख्खं होलेनराथ गाव होतं. कोळशाची खाण वर्षानुवर्षं एकेक शेत गिळत पुढे सरकत आली आणि शेवटी गावाच्या कुंपणाला भिडली. लोकांना आठ मैलांवर नवी घरं मिळाली, रस्त्यांना जुन्याच रस्त्यांची नावं मिळाली. कबरीसुद्धा उकरून नव्या दफनभूमीत नेल्या. गेर्लिंडेच्या वडिलांचीही नेली. जुन्या गावातली घरं एकामागून एक पडली. ईस्टरच्या आधी चर्चमध्ये शेवटची मिस्सा झाली, तेव्हा गेर्लिंडे दिवसभर कॅमेरा घेऊन हिंडली होती. वडील ज्या बाकावर बसायचे तो बाक, आईचं रिकामं स्वयंपाकघर, दोघा भावंडांची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीने जिथे मांडली होती ती दाराची चौकट, मागचं सफरचंदाचं झाड. पुढच्याच आठवड्यात घर पाडलं. आणि या मंगळवारी चर्च.

ते फोटो संगणकावर उतरवून घ्यायचे राहिले होते. राहिले म्हणजे तिनेच टाळलं होतं. बघवणार नव्हतं तिला. आईच आज मागे लागली म्हणून कॅमेरा उघडला.

आणि मधल्या काळात कॅमेरा होता विन्फ्रीडकडे. तिच्या धाकट्या भावाकडे. नात मार्लेनेच्या पहिल्या कम्युनियनचा विधी होता म्हणून त्याला चांगला कॅमेरा हवा होता. स्वतः मागायला तो आला नाही, कारण गेर्लिंडे त्याच्याशी बोलतच नव्हती. आईने मधे पडून नेला. "दे गं, पोरीचा एकच दिवस असतो," असं म्हणून. बुधवारी कॅमेरा एका पिशवीत घालून गेर्लिंडेच्या दाराच्या कडीला अडकवलेला मिळाला. ना चिठ्ठी, ना चपाटी.

विन्फ्रीड कुठे कामाला होता? खाणीत. माती खरवडणाऱ्या त्या अजस्र चाकाच्या यंत्रावर, वर काचेच्या खोलीत बसून.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"तुझ्या लाडक्याकडे."

"आज रोझविताचा वाढदिवस आहे. पाहुणे असतील."

"असू देत. ऐकू दे सगळ्यांना."

गेर्लिंडे तीस वर्षं नगरपालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवत होती. पाण्याच्या या काठावरून त्या काठावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की ती हळू बोलली तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. आणि आज हळू बोलायचा तिचा विचार नव्हता.

विन्फ्रीडच्या नव्या घराच्या नव्या अंगणात टेबल मांडलं होतं. तांदळाच्या खिरीचा टार्ट कापून ठेवला होता. त्याच्या सुनेचे आईवडील आले होते, शेजारचं एक जोडपं होतं. तिला बघून विन्फ्रीड उठलाच. चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काहीतरी आलं.

"ताई! ये, ये. बस, कॉफी घे."

"कॉफी गेली खड्ड्यात."

टेबलावरचे चमचे थांबले. होलेनराथची माणसं खड्डा हा शब्द उगाच तोंडातून काढत नसत; खाणीला ती खड्डाच म्हणत.

"माझे फोटो कुठे आहेत?"

"कुठले फोटो?"

"कुठले म्हणे! चर्चचे. घराचे. बाबांच्या बाकाचे. कार्डावर तुझ्या नातीची मेणबत्ती सोडून काही नाही. काही म्हणजे काही नाही!"

"मी हात नाही लावला त्यांना."

"मग काय ते चालत गेले?"

"ताई, मी एकही फोटो पुसला नाही. शपथ."

"शपथ कुणाची घेतोस? चर्च तर पाडलंत तुम्ही!" गेर्लिंडेचा आवाज आता पार रस्त्याच्या टोकापर्यंत जात होता. "खरं सांग, साहेबांनी सांगितलं का? की तुझं तुलाच सुचलं? पुरावा नको ना मागे, गाव होतं याचा? रोज सकाळी त्या यंत्रात चढून बसतोस, जिथे तुझ्या बापाने तुला सायकल शिकवली ती जमीन खरवडतोस, आणि संध्याकाळी इथे येऊन टार्ट खातोस. घशाखाली उतरतो तरी कसा रे?"

विन्फ्रीडची बायको रोझविता उभी राहिली. "गेर्लिंडे, पाहुणे आहेत."

"असू देत ना. यांना ठाऊक असावं कुणाच्या घरी मुलगी दिलीय."

विन्फ्रीड लाल झाला, मग पांढरा पडला. तो आडदांड गडी, पण लहानपणापासून बहिणीसमोर त्याची बोबडी वळायची. त्याने हातातली बशी टेबलावर ठेवली, ती ठेवताना तिचा टवका उडाला.

"झालं बोलून?" तो म्हणाला. "मग जा. माझ्या घरातून जा."

ती गेली. गाडीचं दार तिने इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला.

शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलेले फोटो परत काढून देतात असं तिने ऐकलं होतं. एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, की अशा कार्डावर नवा फोटो काढायचा नाही, नाहीतर जुन्यावर नवा बसतो आणि मग देवही काही करू शकत नाही. दुकान गाठलं तर शनिवार दुपारचं बंद. दाराला लाथ मारावीशी वाटली. मारलीही एक, पण रबराच्या बुटाने काय आवाज येणार.

परत येताना गाडी आपोआप जुन्या रस्त्याला वळली. हा रस्ता आता होलेनराथला जात नव्हता. मधेच एका कुंपणापाशी संपत होता आणि पलीकडे आभाळच खाली उतरल्यासारखा खड्डा. काठावर कंपनीने बाकं टाकली होती, लोकांनी यावं, बसावं, मजा बघावी म्हणून. खाली चाक फिरत होतं. इथून खेळण्याएवढं दिसत होतं. वारा धूळ घेऊन येत होता आणि ती दाताखाली कचकचत होती.

चर्चचा मनोरा जिथे होता तिथे नुसती सपाट माती. मंगळवारी ती आली नव्हती. आलेल्यांनी सांगितलं होतं की मनोरा एका बाजूला कलला, क्षणभर तसाच राहिला आणि मग बसला. "म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसा," शेजारीण म्हणाली होती. गेर्लिंडेने तिला त्यावरून झापलं होतं.

आता तिचा राग इतका वर आला होता की तिने गाडीतून कॅमेरा काढला. गेलं ना सगळं? मग हेच घ्या. ही माती घ्या, ही बाकं घ्या. डोळ्याला लावला, बोट बटणावर ठेवलं, आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे तिचं लक्ष गेलं.

अजून किती फोटो बसतील ते सांगणारा आकडा. रिकाम्या कार्डावर तो हजाराच्या वर असायचा. आता तो दोनशेही नव्हता.

तिने बोट चटकन उचललं.

चाळीसेक मेणबत्त्यांनी एवढी जागा खाल्ली? शक्य नाही. कुणीतरी बसलंय तिथे. पुसलेले फोटो जागा धरून बसत नाहीत, पुसले की आकडा वर जातो, एवढं तिला कळत होतं. फोटो आत होते. नुसते दिसत नव्हते.

ती गाडीत जाऊन बसली, काचा वर केल्या आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूत शिरली. आयुष्यात कधी उघडली नव्हती अशी पानं उघडली. भाषा बदलायचं पान, आवाज बंद करायचं पान, तारखेचं पान. प्रत्येक पानाला तिने एक शिवी दिली. मग एके ठिकाणी तिला सापडलं की कोणते फोटो दाखवायचे ते इथे ठरतं. चालू फोल्डरमधले, की सगळ्या फोल्डरमधले. खूण होती 'चालू' वर. वरच्या पानावर फोल्डर होते दोन. एक तिचा, एक नवा, गेल्या रविवारी बनवलेला.

तिने 'सगळे' निवडलं आणि मागे जायचं बटण दाबलं.

मेणबत्ती. केक. बूट. आणि मग चर्चचं दार, उघडं, आत उन्हाची तिरीप. बाबांचा बाक. आईची ओट्याजवळची खिडकी, पडदे काढलेली. सफरचंदाचं झाड. चौकट, आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरात 'गे' आणि 'वि', एकाखाली एक.

सगळं होतं. एकही फोटो हलला नव्हता.

गेर्लिंडेने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. बरं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण त्याच्या मागोमाग जे आलं ते फारच कडू होतं. ती पाहुण्यांदेखत काय काय बोलली होती ते शब्द एकेक करून परत आले, तिच्याच आवाजात, तेवढ्याच मोठ्याने.

"गाढवा," ती म्हणाली. कुणाला ते तिलाही कळलं नाही. "अरे, सांगायचं होतंस ना!"

विन्फ्रीडच्या दाराची घंटा वाजवली तेव्हा अंगणातून अजून बोलण्याचे आवाज येत होते, पण दबके. दार त्यानेच उघडलं.

"सापडले," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिथेच. तू नवा फोल्डर बनवलास. कॅमेरा तेवढाच दाखवत होता."

"हो, बनवला."

"का पण?"

"तुझ्या फोटोंत मिसळायला नकोत म्हणून. मी उघडून बघितले तुझे, पहिले दोनचार. मग नाही बघवले." तो चौकटीला धरून उभा होता. "मार्लेनेची मेणबत्ती त्या चर्चच्या शेजारी नको वाटली मला. म्हणून मुलाला विचारून वेगळा फोल्डर केला."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला सांगू? फोन उचलतेस तू? तीनदा केला बुधवारी. मग पिशवी अडकवून आलो."

गेर्लिंडेने फोन उचलला नव्हता हे खरं होतं. नाव बघून पालथा घातला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"इथे दारात काय सांगतेस? मघाशी टेबलापाशी उभी राहून बोललीस. तिथे येऊन सांग."

तिला वाटलं तो गंमत करतोय. तो करत नव्हता. त्याच्या हनुवटीजवळची शीर उडत होती, बाबांची उडायची तशी. ती त्याच्या मागून अंगणात गेली. पाहुण्यांनी बशीत बघायला सुरुवात केली. रोझविता मात्र सरळ तिच्याकडे बघत राहिली.

"फोटो पुसले नव्हते," गेर्लिंडे म्हणाली. तिच्या आवाजाला हळू बोलणं जमतच नसल्याने सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "कार्डावरच होते. मला दिसले नाहीत. याने काही केलं नव्हतं आणि मी याला चोर ठरवलं. त्याबद्दल मी माफी मागते." ती थांबली. "फोटोंबद्दल. यंत्राबद्दल नाही."

"यंत्राबद्दल मी मागितलीच नाही," विन्फ्रीड म्हणाला.

"मागूही नकोस."

"तू तुझ्या तलावावर दिवे लावतेस ना? ती वीज काय आकाशातून येते?"

"ते मला नको शिकवूस!"

"तूही मला घशाखाली कसं उतरतं ते नको विचारूस. उतरत नाही कधीकधी. तुला काय ठाऊक?"

"मग सोड की!"

"छप्पन्नाव्या वर्षी? आणि जाऊ कुठे, पोहायला शिकू तुझ्याकडे?"

सुनेच्या वडिलांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. तेवढ्यात फाटक वाजलं. हेडविग काठी टेकत आत येत होती, धापा टाकत, डोक्यावरचा रुमाल सुटलेला. दोन गल्ल्या ती एकटी चालत आली होती.

"तुमचं भांडण माझ्या खिडकीत ऐकू येतंय," ती म्हणाली. "दोघंही गप्प बसा. फोटो सापडले का तेवढं सांगा."

"सापडले, आई."

"मग द्या इकडे. कधीची मागतेय."

रोझविताने खुर्ची सरकवली. म्हातारी बसली, कॅमेरा मांडीवर घेतला. बोटं जाड, बटणं बारीक, म्हणून विन्फ्रीड शेजारी वाकून फोटो पुढे सरकवू लागला. मनोरा आला, बाक आला, तिने मान हलवली. स्वयंपाकघराचा फोटो आल्यावर तिने त्याचा हात धरून थांबवलं आणि कॅमेरा नाकाजवळ नेला.

"गेर्लिंडे, ही फरशी पुसली नव्हतीस?"

"आई, पुढच्याच आठवड्यात पाडणार होते ते घर!"

"म्हणून काय झालं? लोक बघतील ना."

विन्फ्रीडला ते सहन झालं नाही. तो आधी हसला आणि मग तोंड फिरवून अंगणाच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिला, पाठ करून. गेर्लिंडेने त्याच्याकडे बघितलं. त्याच्याजवळ जावं असं तिला वाटलं नाही, अजून तिचा राग गेला नव्हता, आणि परवा सोमवारच्या पाळीला हा त्याच यंत्रात चढणार हे आठवून तो आणखीच वर येत होता. पण तिने त्याची खुर्ची ओढली, त्या जागी स्वतः बसली आणि आईसाठी पुढचा फोटो सरकवला.

"ही चौकट," म्हातारी म्हणाली. "ह्याची मला एक मोठी प्रत हवी. त्यालाही एक दे."

"बघते," गेर्लिंडे म्हणाली.

"बघते नाही. दे."

रोझविताने तिच्यासमोर कॉफीचा कप आदळला, थोडी बशीत सांडली. गेर्लिंडेने तो कप जवळ ओढला आणि घोट घेतला. कॉफी गार झालेली होती. तरी तिने कप रिकामा केला.