सोन्यावरून परतलेला कण

ब्रह्मा घाटावर राहणारे विश्वेशकाका आयुष्यभर मुलांना वैशेषिक दर्शन शिकवत आले होते: परमाणूला भाग नसतात. त्यांची पुतणी अंतरा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायची. एका दुपारी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली.

“ह्या सोन्याच्या वर्खावर अल्फा नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा मारा होतोय,” ती म्हणाली. वर्खामागचं कण मोजणारं यंत्र टकटकत होतं. “बहुतेक सगळे आरपार जातात.”

“मतलब, सोनं पोकळ?”

“अणूच, म्हणजे तुमचा परमाणूच, जवळजवळ रिकामा असतो, काका.”

मग तिने ते यंत्र वर्खाच्या अलीकडे, कण जिथून येत होते त्या बाजूला आणलं. बराच वेळ शांतता होती. अचानक एक ‘टक्’ वाजलं.

काका दचकले. “हा कुठून आला?”

“वर्खावरून उलटा फिरला. अणूच्या मध्यभागी इवलंसं, जड केंद्र असतं, त्याने मागे ढकलला. शंभर वर्षांपूर्वी असेच कण परतले, तेव्हा शास्त्रज्ञही हादरले होते. त्यावरूनच केंद्राचा शोध लागला.”

काकांनी टेबलावरचा हात झटकन उचलला. “हे टेबलसुद्धा रिकामं?”

“आणि आपणही.”

ते मटकन स्टुलावर बसले. चेहरा उतरला होता.

“घरी जाऊ या?” अंतराने घाबरून विचारलं.

“थांब,” ते पुटपुटले. “अजून एक परत येऊ दे.”

दुसरा कण परतला, तेव्हाही ते तितकेच दचकले.