आईला परकं म्हणणारी पेशी

मी एक पांढरी पेशी. राहते रक्तातच. रक्ताला लाल रंग देणाऱ्या माझ्या शेजारणी मुकाट्याने प्राणवायू वाहतात आणि आमच्या वाट्याला पहारा आला आहे. खरं तर तोंड वर करून बोलायची मला लाज वाटते, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही.

माझा जन्म हाडाच्या मगजातला. पुढे छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत शिकायला गेले. तिथे धडा एकच, आपलं कोण आणि परकं कोण. जी आपल्यांवरच हात उगारी, तिला तिथेच संपवत. मी पास झाले. त्याचा मला केवढा तोरा होता!

माझी मालकीण कपडे शिवते. दारालगतच्या खोलीत तिचं मशीन, खाली चिंध्यांची पिशवी, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. एकदा मशीनची सुई तिच्या बोटात घुसली आणि सुईबरोबर जंतूही आत आले. आमच्यातल्या ज्या सगळ्यांत आधी धावतात, त्या तिथे गोळा झाल्या. बोट लाल झालं, तापलं, टम्म फुगलं.

"ठणकतंय गं, आई," ती म्हणाली.

ती सूज म्हणजे आमची धावपळ होती, आणि पू म्हणजे लढता लढता मेलेल्या माझ्या बहिणी. बोट बरं झालं. तेव्हा आमची मान ताठ होती.

मग तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईने आपली एक तिला दिली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या गोळ्या आता जन्मभर. एकही वेळ चुकवायची नाही." त्या गोळ्या आमच्यासाठीच होत्या. आम्ही गुंगीत पडून राहिलो आणि नवी किडनी कामाला लागली.

पण गोळ्यांमुळे मालकिणीचे हात थरथरत. सुईत दोरा जाईना, शिलाई वाकडी पडे. त्यात शाळेच्या गणवेशांचं काम आलेलं. तिने कुणाला न सांगता संध्याकाळची गोळी बंद केली. हात स्थिर झाले, कॉलर झकास बसू लागल्या.

इकडे आम्हाला जाग आली. मी किडनीपाशी गेले. तिच्या अंगावरच्या खुणा अर्ध्या ओळखीच्या होत्या, अर्ध्या अनोळखी. ओळखीच्या अर्ध्यांकडे मी बघितलंच नाही. परकी, परकी म्हणून बोंब ठोकली आणि सगळ्या धावल्या. बोटात केलं तेच तिथे केलं. अगदी मनापासून केलं, हेच आता टोचतं.

मालकिणीचे पाय सुजले, लघवी कमी झाली. दवाखान्यात आई तिच्या कॉटजवळ बसली होती. "माझंच जुनं सामान," ती म्हणाली. "तुला धड काही देता आलं नाही गं."

मालकीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तुझं काही चुकलं नाही, आई. मीच गोळी बंद केली होती. हात थरथरतात म्हणून."

आईने तिच्या खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं. मग म्हणाली, "दोरा ओवायला मी मेले होते का?"

सलाईनमधून जबर औषध आलं. माझ्या कितीतरी बहिणी गेल्या. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. मी मात्र उरले. मी लक्षात ठेवणाऱ्यांपैकी आहे. एकदा शत्रू म्हणून ओळखलं, की ते माझ्या मनातून जात नाही. आता माझ्या मनात शत्रू म्हणून आईच बसली आहे. काय करू, मला विसरता येत नाही.

आता आई रोज सकाळी मशीनमध्ये दोरा घालून देते, हातशिलाईच्या सुया ओवून मशीनवरच्या छोट्या उशीला टोचून ठेवते. मालकीण हळूहळू शिवते, वाकडं गेलं की उसवते. संध्याकाळी आई पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते आणि गोळी गिळेपर्यंत हलत नाही.

बाई गं, ती गोळी चुकवू नकोस. मला जागं होऊ देऊ नकोस. जागी झाले, तर मी पुन्हा तुझ्या आईवरच धावून जाईन.