रीना हसतच होती

साधनाला तो डबा पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. डबा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा हेडसेट. पुण्याच्या कंपनीने तो कुरिअरने बालाघाटला पाठवला होता. साधना घरी बसून दवाखान्यांची बिलं तपासायची. विम्यासाठी आलेला दावा खरा की फुगवलेला हे बघायचं आणि शेरा मारायचा, असं काम. कित्येक वर्षं लॅपटॉपवर ते बिनबोभाट चाललं होतं. मग वरच्या कुणाच्या तरी मनात आलं, की घरोघरी विखुरलेल्या माणसांत आपलेपणा उरत नाही. म्हणून आता डबा चढवायचा आणि आभासी ऑफिसात जाऊन बसायचं.

ऑफिस दिसायला झकास होतं. काचेच्या भिंती, बाहेर निळा समुद्र, आणि टेबलाटेबलाशी बसलेले सगळ्यांचे अवतार. नाक, केस, रंग, कपडे यादीतून निवडायचे. ओठांवरचं हसू मात्र कंपनीचं, ते कुणालाच पुसता येत नव्हतं. डोक्यावर एक हिरवा दिवा. डबा थोडा वेळ काढून ठेवला की तो पिवळा व्हायचा आणि टीम लीडर कुशल सरांकडे निरोप जायचा.

साधनाची सासू दुर्गाबाई हे सगळं लांबून बघायची. एकदा म्हणाली, "बाई, घरातला तुझा अवतार पाह्य, ना तेल ना फणी. आन तिथी म्हणे सजूनधजून बसते!"

साधनाने कुशल सरांना सुरुवातीलाच सांगून पाहिलं होतं. "सर, यात समोरचा माणूस दिसतच नाही. कुणाला ताप आहे, कुणी रडून आलंय, काय कळणार?"

"ताई, नवीन आहे म्हणून तसं वाटतं," सर म्हणाले होते. "सवय होईल."

सवय झाली नाही, पण एक मैत्रीण मिळाली. शेजारच्या टेबलावर रीना बसायची. तिचा अवतार पंचविशीतला, सडपातळ, खांद्यापर्यंत कापलेले केस, पिवळा शर्ट. ऑफिसात कुशल सर सोडले तर सगळे हिंदीच बोलायचे. एके दिवशी रीनाच्या पडद्यावर बिल अडकलं आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "काहून अटकून राह्यलं हे?"

साधना गर्रकन वळली. "तू कुठची गं?"

"कटंगीची. तू?"

"बालाघाट!"

एकाच जिल्ह्यातल्या दोघी, आणि भेटल्या त्या समुद्रकाठच्या काचेच्या खोलीत. मग सुट्टीत दोघींच्या गप्पा आपल्या बोलीत व्हायला लागल्या. रीनाचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, वर टिनाचं छप्पर. नवरा महेंद्र तुमसरला गॅरेजात मिस्त्री, सकाळच्या बसने जायचा तो दिवेलागणीला परतायचा. दिवसभर ती घरात एकटी. एवढं सगळं साधनाला ठाऊक झालं होतं. फोन नंबर घ्यायचं तेवढं राहून गेलं. रोज मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बाईचा नंबर कशाला मागायचा?

मे महिन्यातली ती दुपार. कंपनीचे मोठे साहेब आभासी ऑफिस बघायला येणार होते. मीटिंग सुरू व्हायच्या आधी रीना म्हणाली, "आमच्या इथी लाइन गेली सकाळपासून. कूलर बंद. टिन असं तापलं का विचारू नोको."

"मग काढ ना तो डबा. पाणी पी, जरा पड."

"नाई गं. मागच्या हप्त्यात दोनदा माझा दिवा पिवळा झाला. आज साहेब येऊन राह्यले. राऊटर बॅटरीवर चालून राह्यला, डबाई चार्ज हाय. निभून जाईन."

तिचा आवाज जड वाटला. साधनाने तिच्याकडे निरखून पाहिलं. पण बघणार काय? चेहरा ताजातवाना होता.

साहेब आले. कुशल सर उभे राहून सांगू लागले, की नव्या ऑफिसामुळे माणसं कशी जवळ आली आहेत. सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात रीनाचं डोकं एका बाजूला कललं. मग ती खाली जाऊ लागली. खुर्चीतून, टेबलातून आरपार. छाती गेली, खांदे गेले आणि गालिच्यातून अर्धं डोकं तेवढं वर उरलं, आडवं झालेलं. ओठांवर हसू तसंच. वर हिरवा दिवा.

"अरे, रीना मॅडम तो बेसमेंट में चली गईं!" इंदूरचा राहुल म्हणाला, आणि सगळी खोली हसली. साहेबही हसले.

"उंचीचं सेटिंग बिघडलं असेल," कुशल सर म्हणाले. "आयटीला कळवतो. तर मी सांगत होतो..."

साधनाने खाली वाकून पाहिलं. गालिच्यातून रीनाचा एक हात वर आला होता. बोटं उघडत होती, मिटत होती. पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी.

"सर, ती पडली आहे," साधना म्हणाली. "खरोखरची पडली आहे."

"ताई, टेक्निकल इश्यू आहे."

"रीना! रीना, बोल ना!"

ती पुन्हा सरांकडे वळली.

"सर, तिचा पत्ता द्या. नवऱ्याचा नंबर द्या."

सर अवघडले. साहेबांसमोर हे असं नको होतं. "पत्ते एचआरकडे असतात, ते कुणाला देता येत नाहीत. मी मेल टाकतो. तुम्ही प्लीज बसा."

साधनाने डबा ओढून काढला. समुद्र गेला, काचा गेल्या. समोर दुर्गाबाई सुपात तांदूळ निवडत बसलेली.

तिने आधी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, कटंगीत कुठे? पूर्ण नाव? घरमालकाचं आडनाव? बुद्धविहाराच्या मागची गल्ली, यापुढे तिला सांगता येईना. नेमकं घर सांगा, लगेच गाडी काढतो, तो म्हणाला. तिचा स्वतःचा नवरा सुखराम भरवेलीच्या खाणीत, पहिल्या पाळीला. खाली उतरला की त्याचा फोन लागत नसे.

"आई, कटंगीच्या मामाजींले फोन लावा. लवकर!"

पुनाराम दुर्गाबाईचा धाकटा भाऊ. कटंगीत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. विहारामागची गल्ली, महेंद्रची बायको, एवढं ऐकून त्याने काय, कशाला असं काही विचारलं नाही. गाडी काढली आणि विहाराकडे निघाला. जाता जाता एवढंच म्हणाला, "कशी दिसते ते सांग."

"पोरगीच हाय मामाजी. पंचवीस-सव्वीसची. बारीक, केस कापलेले."

साधनाने पुन्हा डबा चढवला. मीटिंग चालूच होती. रीनाचा हात आता गालिच्यावर आडवा पडला होता. बोटं अजून हलत होती, पण मधेच थांबत होती. डबा काढला की रीना दिसेना आणि चढवला की फोन घेता येईना. शेवटी तिने फोन स्पीकरवर टाकून सासूच्या हातात दिला.

"बाई," दुर्गाबाईचा आवाज बाहेरून आला, "पुनाराम म्हणते असी कोणी पोट्टी नाई तिथी. किराण्यावाल्या फकिराले विचारलं, त्याले पुरी गल्ली माहीत हाय. रीना नाव त्याले माहीत नाई, आन कापल्या केसाची कोणीच नाई. आन महेंद्र म्हणशील तर तीन हायेत."

रीना खोटं बोलली? की तिचीच गावात गफलत झाली? तिने नकळत स्वतःच्या हातांकडे पाहिलं. लांबसडक, गोरी बोटं. ती तिची नव्हती. तिची बोटं आखूड, अंगठ्यावर कढईचा चटका. चष्मा नव्हता, पोट नव्हतं, डोळ्यांखालचं काळं नव्हतं. आपण जसं यादीतून उचललं, तसंच रीनानेही उचललं असेल. इतके महिने शेजारी बसून आपल्याला तिचा फक्त आवाज ठाऊक आहे.

ती डबा न काढताच ओरडली, "मामाजी, रूप सोडा! डोळ्याले पांढरा डबा बांधून घरात एकटीच बोलत राहणारी बाई विचारा!"

फोनवर गलका ऐकू आला. मग एका म्हातारीचा खणखणीत आवाज, "म्हणजे महेंद्रची बायको! डबा लावून हवेत हात मारत राहते दिवसभर. आम्ही तं तिले बाहेरची बाधा समजलो होतो. चला, मी दाखवतो!" ती विमलाबाई होती, रीनाची शेजारीण.

"ते घर कोनाचं ते पक्कं सांगा," दुर्गाबाई फोनमध्ये ओरडली, "म्या दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्सले सांगतो!" आणि तिने सांगितलंही.

ऑफिसात रीनाची बोटं थांबली होती. साधना खुर्चीवरून उठली आणि आपल्या घरातल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. तिचा अवतारही गालिच्यावर, रीनाच्या डोक्याशी बसला.

"साधनाताई, जागेवर बसा," कुशल सर म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात जरब नव्हती.

"रीना, माणसं येऊन राह्यली. ऐकून राह्यली का? झोपू नोको. रीना!" तिने हात धरायला हात पुढे केला. हात हातातून पार गेला.

"दार आतून बंद हाय म्हणते," बाहेरून दुर्गाबाई. "पुनाराम मांगच्या भितीवरून चढून राह्यला."

कुशल सरांचं भाषण थांबलं होतं. सगळे चेहरे हसत होते.

साधना हाका मारत राहिली. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. आणि एकाएकी गालिच्यातलं ते डोकं हललं. सरळ झालं, वर आलं, हवेत गिरकी घेऊन छताकडे वळलं. पंचविशीतल्या त्या पोरीचे ओठ उघडले आणि त्यातून एका साठीच्या माणसाचा धापा टाकणारा, घोगरा आवाज आला.

"कोण ओरडून राह्यलं या डब्यात? साधना, तू हायेस का?"

"हौ मामाजी, मीच!"

"सापडली, बाई! जमिनीवर पडली हाय. आंग तव्यावानी तापलं."

"जित्ती हाय ना?"



"हाय. श्वास चालू हाय. वो विमलाबाई, पाणी! बादली आणा, बादली! थांबा, दार उघडतो आधी!"

पाण्याचा सपकारा ऐकू आला, कुणी तरी ओलं लुगडं मागितला, कुणी खाट बाहेर काढा म्हणालं. रीनाचा अवतार उलटा होऊन कोपऱ्यात लटकत राहिला. मग दिवा पिवळा झाला आणि ती विरून गेली.

साधनाने डबा काढला. दुर्गाबाईने तिला भिंतीशी टेकवून बसवलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ती कटंगीच्या बसमध्ये बसली. सरकारी दवाखान्यात बायकांच्या खोलीत तिने सगळ्या खाटांवरून नजर फिरवली आणि सवयीने ती कापलेले केस शोधू लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली, "साधना?"

आवाज तोच. पण सलाईन लावून पडलेली बाई पन्नाशीला आलेली, अंगाने भरलेली, कानशिलाचे केस पांढरे झालेली. साधना तिला आजवर अगं-तुगं करत आली होती. तिची जीभ अडखळली. "रीनाताई... कसं वाटून राह्यलं?"

"आता काहून ताई? रीनाच म्हण." ती कशीबशी हसली. हे हसू वाकडं होतं, एका दाताला कीड लागलेली होती. "मी तरी काय करू? त्या यादीत पन्नाशीची बाई होतीच कुठी?"

महेंद्र खाटेच्या पायाशी उभा होता. रात्रभर झोपला नव्हता. त्याने साधनाला हात जोडले आणि तो चहा आणायला बाहेर गेला.

तो गेल्यावर रीना म्हणाली, "डोकं फिरलं आन पडली. डबा काढायले हात उचलत होती, पण हात तिथंवर पोहचेच ना. तुमचे सगळ्यांचे आवाज मले ऐकू येत होते. तो राहुल काही तरी बोलला, सगळे हसले. मले वाटलं, आता कोणी तरी उठवते. मंग कुशल सराचं भाषण पुन्हा सुरू झालं." तिने डोळे मिटले. "तेवढं मी नाही विसरत."

साधनाने तिचा हात धरला. गरम, खरखरीत, जड हात.

बाहेर आली तर कुशल सरांचा फोन. साधा फोन, चेहरा नसलेला. त्यांनी आधी रीनाची चौकशी केली. मग म्हणाले, "मला खरंच बिघाड वाटला, ताई. मी पण हसलो."

"सर, तुमच्यासमोर खुर्चीवरून बाई पडली असती, तर तुम्हीच आधी पाणी आणायला धावला असता," साधना म्हणाली. "तिथे धावणार कुठे? आणि कुणाला धाव म्हणावं, हे कुणाला ठाऊक होतं?"

"वरचे म्हणतायत, कुणी पडलं की घंटा वाजेल अशी सोय करू."

"वाजेल, पण कुणाच्या घरी?"

साधनाने सांगून टाकलं, की सोमवारपासून ती लॅपटॉपवर काम करेल, पूर्वीसारखं. बिल एकही कमी होणार नाही. पण डबा चढवणार नाही.

"वर विचारावं लागेल."

"विचारा."

सोमवारी ती लॅपटॉप उघडून बसली. गैरहजेरीचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिने उत्तर दिलं नाही, कामाचा ढीग तेवढा उपसत राहिली. आठवडाभर असं चाललं. मग एक मेल आला, की ज्यांना हेडसेट नको त्यांनी तो न वापरला तरी चालेल, तूर्तास. त्या 'तूर्तास'वर तिचा भरवसा नव्हता. तरी तिने तो मेल रीनाला वाचून दाखवला. रीना बरी होऊन कामाला लागली होती आणि आता दुपारी दार उघडं टाकून बसायची, म्हणजे विमलाबाईला येता-जाता आत डोकावता येई.

राहुलने डबा सोडला नाही. त्याने साधनाला फोन करून सांगितलं, की इंदूरला भाड्याच्या खोलीत तो एकटाच असतो, निदान तिथे चार माणसं दिसतात. साधना त्यावर वाद घालायला गेली नाही. तिने एवढंच विचारलं, की तुझ्या शेजारी कोण राहतं?

"शेजारचे माहीत नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "पण टिफिन देणाऱ्या मावशी रोज येतात. त्यांचा नंबर देतो. घ्या."